मऊ धातूतील कठीण कण : तारक की मारक?

(सभासदांसाठी अभ्यासलेख – ऊस विकास अधिकारी यांजकडून)





या पानावर मी बहुधा बेणे, खताचे हप्ते, खोडव्याची निगा, हुमणीचा बंदोबस्त अशा विषयांवर लिहीत असतो. यावेळी विषय धातूचा आहे. ऊसवाल्या माणसाने धातूच्या भानगडीत कशाला पडावे, असे कोणी म्हणेल. पण आपला ऊस पाण्यावर उभा, पाणी पंपावर उभे, मशागत ट्रॅक्टरवर उभी आणि ऊस गाळणारा कारखाना लोखंडी रोलरवर उभा. यातले प्रत्येक यंत्र रोज थोडे थोडे झिजते, आणि त्या झिजेचा पैसा शेवटी आपल्याच खिशातून जातो. तेव्हा धातू का झिजतो आणि तो झिजू नये म्हणून शास्त्रज्ञ त्यात मुद्दाम कण का कालवतात, हे एकदा नीट समजून घेऊ या.

निमित्त घरचेच आहे. तेच आधी सांगतो.

पिस्टनने लायनर खाल्ले

माझ्या धाकट्या भावाची शेती चिखली तालुक्यात आहे. जमीन काळी, भारी. दोन एकर सुरू ऊस, बाकी सोयाबीन आणि हरभरा. विहिरीवर वीजपंप आहेच, पण विजेचा भरवसा नाही म्हणून एक जुने पाणी-थंड डिझेल इंजिनही ठेवलेले. मागच्या एप्रिलात, ऐन उन्हात, इंजिनाने दम तोडला. धूर निळा, ऑइल संपते, ताकद नाही. जेमतेम एक वर्षापूर्वी नवा पिस्टन आणि रिंगा टाकल्या होत्या. भावाची खात्रीच झाली की दुकानदाराने हलका माल गळ्यात मारला. तो भांडायला निघाला. मी म्हटले, "आधी खोलून तर पाहू."

मिस्त्रीने इंजिन खोलले. मला वाटले होते की ॲल्युमिनियमचा पिस्टन मऊ, तोच झिजला असेल. पण पिस्टन त्या मानाने बरा होता. झिजले होते ते बिडाचे लायनर! वरच्या बाजूला नख फिरवले तर खाच लागून नख अडकत होते.

"साहेब, पिस्टननं लायनर खाल्लं," मिस्त्री म्हणाला.

"अरे, मऊ धातूनं कडक बीड खाल्लं? हे कसं काय?"

"तुमीच पाहा ना. भिंग हाये ना तुमच्यापाशी?"

लोकरी मावा पाहण्यासाठी एक भिंग माझ्या खिशात नेहमी असते. ते लावून पिस्टनच्या अंगाकडे पाहिले आणि कोडे उलगडले. चकचकीत ॲल्युमिनियममध्ये बारीक बारीक ठिपके रुतून बसले होते, उन्हात धरले की चमकत. "रेती रुतून बसेल हाये," मिस्त्री म्हणाला. मग एअर क्लीनर उघडला. तळाच्या भांड्यात ऑइलचा थेंब नाही, वाळलेला चिखल आणि कुटार. मार्चमध्ये इंजिनाशेजारीच हरभऱ्याचे थ्रेशर चालले होते. ती सगळी धूळ इंजिनाने ओढून घेतली होती.

दुकानदाराशी भांडण राहिले बाजूला. दोष आमचाच निघाला. लायनर, पिस्टन, रिंगा आणि मजुरी असा खर्च तर झालाच, पण वीज रात्री चार-पाच तास, तीही खंडित, म्हणून ओलिताच्या दोन पाळ्या मागे पडल्या. एप्रिलातल्या दोन पाळ्या म्हणजे काय, ते ऊसवाल्याला सांगायला नको. कांडी आखूड राहिली ती राहिलीच.

शिकलगाराची सहाण

आता या गोष्टीचा अर्थ लावू. पूर्वी गावोगाव शिकलगार येत. विळे, कोयते, अडकित्ते यांना धार लावून देत. त्यांच्या फिरत्या सहाणेत कुरुंदाची पूड लाखेत बसवलेली असे. लाख किती मऊ! नखानेही ओरखडा निघेल. पण तीच लाखेची चकती पोलादी विळा घासून काढी. काम लाख करीत नव्हती. काम कुरुंदाचा कण करीत होता. लाखेने फक्त त्याला घट्ट धरून ठेवले होते.

आमच्या पिस्टनचे नेमके तेच झाले. मऊ ॲल्युमिनियमने रेतीचे कण आपल्या अंगात रुतवून घेतले, आणि पिस्टन पिस्टन न राहता शिकलगाराची सहाण बनला. बीड कडक खरे, पण त्या कडकपणामुळेच त्यात कण रुतत नाही. तो समोरच्या मऊ धातूत जाऊन बसतो आणि तेथून बिडालाच खरवडतो.

कोण कोणाला खरवडील हे ठरवण्यासाठी फ्रेडरिक मोस या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने १८१२ साली एक साधी मोजपट्टी केली. सर्वांत मऊ शंखजिरे १, सर्वांत कठीण हिरा १०. आपले नख सुमारे अडीच, ॲल्युमिनियम तीनच्या आतबाहेर, साधा पोलादी चाकू साडेपाच, गारगोटी ७, कुरुंद ९. वरच्या अंकाचा पदार्थ खालच्याला ओरखडतो. आपल्या भागातील काळ्या खडकाच्या पोकळ्यांतून निघालेल्या गारगोट्या रानात आणि नदीपात्रात सगळीकडे सापडतात. त्यांचाच चुरा धुळीत आणि रेतीत असतो. म्हणजे वाऱ्यावर उडणारा कण इंजिनातल्या बिडापेक्षा कठीण आहे, हे लक्षात ठेवावे.

झिजेचे गणित

झिजेला गणित असते. १९५३ साली आर्चर्ड या इंग्रज शास्त्रज्ञाने ते सोप्या शब्दांत मांडले. घासणाऱ्या दोन वस्तूंवरचा दाब जितका जास्त आणि त्या जितके जास्त अंतर घासतील तितकी झीज जास्त. आणि झिजणारी वस्तू जितकी कठीण तितकी झीज कमी.

झीज = (दाब × घासलेले अंतर ÷ कठीणपणा) × एक अनुभवाचा आकडा

हा अनुभवाचा आकडा स्वच्छ तेलात अगदी लहान असतो. मध्ये कठीण धूळ आली की तोच शेकडो पटींनी वाढू शकतो. खरी मेख तेथे आहे.

अंतर किती घासले जाते याचा हिशेब करून पाहा. समजा, इंजिनाचा स्ट्रोक ११० मिलिमीटर आहे आणि फेरे मिनिटाला १५००. पिस्टन प्रत्येक फेऱ्यात एकदा वर, एकदा खाली, म्हणजे २२० मिलिमीटर जातो. मिनिटाला ३३० मीटर, आणि तासाला जवळजवळ २० किलोमीटर! रात्रभर आठ तास पाणी दिले तर पिस्टनने लायनरला घासत सुमारे १६० किलोमीटर मजल मारली. बुलढाण्याहून छत्रपती संभाजीनगर गाठावे एवढी. आपण बांधावर बसलेलो असतो, पण पिस्टन प्रवासात असतो.

आता हवेचा हिशेब. अशा इंजिनाचा व्यास ८० मिलिमीटर धरला तर ते तासाला सुमारे २५ घनमीटर हवा ओढते. म्हणजे १० फूट लांब, १० फूट रुंद, ९ फूट उंच अशी एक खोली भरून हवा, दर तासाला. थ्रेशरशेजारच्या अशा आठ खोल्यांमधली धूळ झाडून काढली तर किती भरेल? एअर क्लीनर कोरडा असेल तर त्यातली बरीच आत जाते.

शत्रूलाच चाकरीला ठेवले तर?

येथपर्यंत आपण कणाला शत्रू मानले. पण शिकलगाराने कणाला कामाला लावले होते. शास्त्रज्ञांनीही तसाच विचार केला. कठीण कण बाहेरून येऊन वेडावाकडा रुततो तेव्हा नाश करतो. तोच कण आपण निवडून, मोजून, धातूच्या रसातच सारखा पसरून घट्ट बसवला तर? मग मऊ धातूच्या पृष्ठावर कठीण कणांची फरसबंदी तयार होईल. समोरून येणारा भार कण पेलतील, आणि मधला धातू त्यांना धरून ठेवील.

अशा धातूला संमिश्र म्हणतात. मिश्रधातू आणि संमिश्र यांत फरक आहे. खामगावच्या चांदीच्या बाजारात कारागीर चांदीत थोडे तांबे घालून ती कडक करतो, ती झाली मिश्रधातू. तेथे दोन्ही धातू रसात एकजीव होतात. संमिश्रात कण विरघळत नाही. चुन्याच्या कोब्यात जशी खडी वेगळी दिसते, तसा तो शेवटपर्यंत कणच राहतो.

याचा थोरला भाऊ आपल्या इंजिनात आधीपासून आहे. पिस्टन निव्वळ ॲल्युमिनियमचा कधीच नसतो. त्यात साधारण १२ टक्के सिलिकॉन असते. रस थंड होताना या सिलिकॉनचे कठीण दाणे आपोआप धातूत तयार होतात. त्यामुळे पिस्टन कमी फुगतो आणि कमी झिजतो. ॲल्युमिनियम तापले की बिडाच्या सुमारे दुप्पट फुगते, म्हणून हा गुण महत्त्वाचा. शिवाय डिझेल इंजिनाच्या पुष्कळ पिस्टनांत वरच्या रिंगेच्या खाचेत खास बिडाचे कडे ओतूनच बसवलेले असते. कारण सर्वांत जास्त ताप आणि मार तेथेच पडतो.

अमेरिकेत १९७० साली जनरल मोटर्सने शेवरले व्हेगा नावाची मोटार काढली. तिच्या इंजिनाच्या ब्लॉकात सिलिकॉनचे प्रमाण १७ टक्क्यांच्या आसपास होते आणि लायनर मुळी नव्हतेच. भोकाच्या पृष्ठावरचे ॲल्युमिनियम रसायनाने किंचित खाऊन सिलिकॉनचे दाणे वर काढले होते, आणि पिस्टन त्या दाण्यांवरून घसरत असे. कल्पना उत्तम. पण पुष्कळ गाड्यांत पाणी कमी पडून इंजिने तापली, भोके बिघडली, गाड्या ऑइल पिऊ लागल्या आणि नाव खराब झाले. १९७७ साली ती गाडी बंद झाली. धडा हा की, कण कितीही कठीण असला तरी निगा चुकली तर तो एकटा इंजिन वाचवीत नाही. हीच पद्धत पुढे इतर कंपन्यांनी सुधारली आणि ती यशस्वीही झाली.

भारतीय शास्त्रज्ञांचे काम

या विद्येत आपल्या देशाचा वाटा मोठा आहे. डॉ. प्रदीप रोहतगी यांनी १९६० च्या दशकात अमेरिकेत असताना निकेलचा मुलामा दिलेले ग्राफाइटचे कण ॲल्युमिनियमच्या रसात मिसळण्याचे काम केले. ग्राफाइट मऊ आणि निसरडे. तेथे कण कठीणपणासाठी नव्हे, वंगणासाठी घातला होता. पुढे ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले. तेथे डॉ. सुरप्पा आणि त्यांनी वितळलेले ॲल्युमिनियम ढवळून त्यात सिरॅमिकचे कठीण कण मिसळण्याची रीत अभ्यासली. १९८१ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा लेख आजही जगभर आधाराला घेतला जातो. त्रिवेंद्रम आणि भोपाळ येथील प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळांतही त्यांच्या नेतृत्वाखाली हे काम वाढले.

रीत ऐकायला सोपी आहे. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. रस त्याहून थोडा तापवायचा, पंख्याच्या दांड्याने ढवळून भोवरा करायचा आणि त्यात तापवलेले बारीक कण हळूहळू सोडायचे. नंतर साच्यात ओतायचे. कण बहुधा सिलिकॉन कार्बाइडचे किंवा ॲल्युमिनाचे. ॲल्युमिना म्हणजे रसायनाने आपला कुरुंदच. कणाची जाडी साधारण १० ते २० मायक्रॉन, म्हणजे आपल्या केसाच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाएवढी. प्रमाण १० ते २० टक्के.

पण करायला गेले की अडचणी येतात. कोरड्या पिठात पाणी ओतले की गोळ्या होतात, तसेच येथे होते. ॲल्युमिनियमचा रस कणाला चिकटायलाच तयार नसतो, कण वर तरंगतात किंवा गोळ्या करून बसतात. म्हणून रसात थोडे मॅग्नेशियम घालतात आणि कण आधी भाजून घेतात. ढवळताना हवा आत गेली तर ओतीव वस्तूत छिद्रे राहतात. रस फार तापला तर सिलिकॉन कार्बाइड आणि ॲल्युमिनियम यांची एकमेकांवर क्रिया होऊन ॲल्युमिनियम कार्बाइड तयार होते. ते ठिसूळ असते आणि ओलाव्याने फुटते. रसात पुरेसे सिलिकॉन असले तर ही क्रिया आवरते.

काय मिळाले, काय गेले

कोणताही व्यवहार करताना शेतकरी दोन्ही बाजू पाहतो. तशा येथेही पाहू.

वजन : ॲल्युमिनियमचे घन सेंटिमीटरला २.७ ग्रॅम, सिलिकॉन कार्बाइडचे सुमारे ३.२. शंभरात २० भाग कण घातले तर संमिश्राचे वजन सुमारे २.८ ग्रॅम होते. बीड ७ च्या पुढे असते. म्हणजे हलकेपणा जवळजवळ तसाच राहिला.

ताठपणा : २० टक्के कणांनी तो सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. भार आल्यावर वस्तू कमी वाकते.

झीज : बेताच्या दाबाखाली झीज पुष्कळ कमी होते. पण दाब किंवा ताप एका मर्यादेपलीकडे गेला की मधले ॲल्युमिनियम ढिले पडते आणि कण निखळतात. निखळलेला कण म्हणजे पुन्हा मोकळी रेती! मग झीज एकदम उसळी मारते.

समोरचा भाग : संमिश्र स्वतः कमी झिजते, पण त्यातले कण समोरच्या रिंगेला किंवा दांड्याला घासतात. जोडीतला दुसरा गडी तेवढाच तगडा लागतो.

चिवटपणा : येथे खरी किंमत मोजावी लागते. या कामासाठी नेहमी वापरली जाणारी सिलिकॉनयुक्त ॲल्युमिनियमची मिश्रधातू तुटण्यापूर्वी सुमारे ५ टक्के ताणली जाते. २० टक्के कण घातल्यावर ती अर्ध्या टक्क्याच्या आसपासच ताणली जाते. म्हणजे भार जास्त पेलेल, पण दणका बसला तर वाकून सूचना देणार नाही, सरळ तडकेल.

कणाचा आकार : बारीक कण ताकदीला चांगले. पण समोरून जाड रेती येणार असेल तर बारीक कण ती आख्खेच उपटून काढते. तेथे जाड कण टिकतो. शेणामातीच्या भिंतीतला बारीक खडा नखाने निघतो आणि खोल बसलेला गोटा निघत नाही, तसेच हे.

शिवाय असा धातू कातताना साधी हत्यारे लगेच बोथट होतात, हिऱ्याची हत्यारे लागतात, म्हणून किंमत वाढते. त्यामुळे हे धातू निवडक ठिकाणीच आले. १९९६ साली निघालेल्या लोटस एलिस या हलक्या मोटारीला सुरुवातीस सिलिकॉन कार्बाइड मिसळलेल्या ॲल्युमिनियमच्या ब्रेक-चकत्या होत्या. आपल्या पंपाच्या इंजिनाला मात्र नेहमीचाच सिलिकॉनयुक्त पिस्टन परवडतो.

राखेचे काय?

शेगावहून रेल्वेने अकोल्याकडे जाताना पारसच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसतात. दगडी कोळशाच्या अशा केंद्रांतून उडती राख निघते. ती विटा आणि सिमेंटमध्ये जाते हे आपणास ठाऊक आहे. या राखेचे कण बहुतेक सिलिका आणि ॲल्युमिनाचे, गोल, काही तर आतून पोकळ असतात. डॉ. रोहतगी यांनी पुढे अमेरिकेत ही राखच ॲल्युमिनियममध्ये मिसळण्यावर बरेच काम केले. स्वस्त कण, आणि वजनही घटते.

आपल्या कारखान्याच्या बॉयलरमध्ये बगॅस जळते, तिच्या राखेतही सिलिका भरपूर असते. ऊस जमिनीतून सिलिका उचलतो, पानाची धार बोट कापते ती त्यामुळेच. बगॅसची राख ॲल्युमिनियममध्ये मिसळण्याचे प्रयोग नायजेरियात आणि आपल्याकडेही झाले आहेत. कठीणपणा वाढतो, चिवटपणा कमी होतो, हा वरचाच अनुभव तेथे येतो. हे प्रयोगशाळेतले काम आहे. उद्या कोणी "राख मिसळलेला मजबूत पिस्टन" म्हणून स्वस्तात काही विकू लागला तर भुलू नये. राख मिसळणे सोपे आहे, पण ती धरून ठेवणे अवघड आहे.

तीच गोष्ट भंगार वितळवून ओतलेल्या हलक्या सुट्या भागांची. त्यातही कठीण कण असतात, पण ते मळीचे. ते कोणी निवडलेले नसतात, मोजलेले नसतात आणि छिद्रांच्या कडेला सैल बसलेले असतात.

घट्ट धरलेला कण पाहायचा असेल तर बोअरवेलच्या गाडीचा बिट पाहा. त्यावरची बटणे टंगस्टन कार्बाइडच्या कणांची असतात आणि त्या कणांना कोबाल्ट धातू धरून ठेवतो. ही युक्ती १९२३ साली जर्मनीत निघाली. तो धातू हलका नाही, जड आहे, पण तत्त्व तेच. तीच बटणे आपला काळा खडक फोडतात. कारखान्यातही बिडाच्या रोलरच्या दातांवर क्रोमियम कार्बाइडच्या कांडीने वेल्डिंगचे ठिपके देतात, त्याला आर्किंग म्हणतात. त्यामुळे रोलर उसाला पकडतो आणि कमी झिजतो. पण उसाबरोबर चिखल, रेती आणि गोटे आले की तेच ठिपके गुळगुळीत होतात. मग रोलर घसरतो, रस बगॅसमध्ये राहतो आणि उताऱ्याला फटका बसतो.

आपण काय करावे

१. एअर क्लीनरच्या भांड्यात खुणेपर्यंत ऑइल आहे का, हे इंजिन सुरू करण्यापूर्वी रोज पाहावे. थ्रेशर, वखरणी किंवा रस्त्याची धूळ असेल तर रोज साफ करावे. नळीचा सांधा फाटलेला असेल तर क्लीनर असून नसल्यासारखाच. ट्रॅक्टरलाही हाच नियम.

२. ऑइल तासांच्या हिशेबाने बदलावे, रंग पाहून नव्हे. डबा आणि नरसाळे झाकून ठेवावे. रेती तेथूनही जाते.

३. लायनरला खाच पडली असेल तर नुसत्या रिंगा बदलू नयेत. पिस्टन, रिंगा, लायनर एका मेळाचे घ्यावेत आणि मधली फट पुस्तिकेप्रमाणे फिलर गेजने मोजून घ्यावी.

४. कातलेल्या भागावर भिंगातून सुईच्या टोकाएवढी छिद्रे दिसली तर माल परत करावा. पक्की पावती घ्यावी.

५. नवा सेट टाकल्यावर सुरुवातीचे तास हलक्या भारावर चालवावे. थंड पाणी चालू आहे का ते पाहावे. तापलेला पिस्टन फुगून लायनर धरतो.

६. पंपाचा फूट-व्हॉल्व्ह विहिरीच्या गाळापासून दोन-तीन फूट वर ठेवावा. पाण्याबरोबर रेती येऊ लागली तर इंपेलर झिजतो. पाण्याचा वेग दुप्पट झाला तर ही झीज दुप्पट नव्हे, चौपट-आठपट होते.

७. ऊस जमिनीलगत तोडावा, पण मुळ्या आणि माती झटकून मोळी बांधावी. पावसात तोड झाली तर चिखल झाडूनच गाडी भरावी. गाडीत गोटा किंवा लोखंडाचा तुकडा जाऊ देऊ नये. रोलर कारखान्याचा असला तरी कारखाना आपलाच आहे.

तात्पर्य एवढेच की, कण स्वतः चांगला नाही आणि वाईटही नाही. त्याला कोणी निवडले आणि किती घट्ट धरले, यावर तो तारतो की मारतो हे ठरते. धातूत कण बसवण्याचे काम शास्त्रज्ञांचे. मोकळा कण बाहेर ठेवण्याचे काम मात्र आपले, आणि त्याला फडके, थोडे ऑइल आणि रोजची पाच मिनिटे लागतात.

भावाने आता इंजिनाच्या खोलीत खिळ्याला एक वही टांगली आहे. किती तास चालले, क्लीनर कधी साफ केला, ऑइल कधी बदलले, हे तो तीत लिहितो. तो जुना पिस्टन मी टाकू दिला नाही. ऊस विकास विभागाच्या कार्यालयात माझ्या टेबलावर ठेवला आहे, शेजारी भिंगही आहे. नोंदीसाठी किंवा पावतीसाठी कारखान्यावर याल तेव्हा जरूर डोकवा. उजेडात धरून पाहिला की त्यात रुतलेली रेती अजून चमकते.

आपला,
ऊस विकास अधिकारी